‘परीचा जावई’ आणि तिसऱ्या रांगेतला चोर

सोमवार, ३ फेब्रुवारी १८७९. बॅलरॅट, ऑस्ट्रेलिया.

‘परीचा जावई’चा पहिला प्रयोग. थिएटर भरलेलं (मागची बाकं सोडून). मी वीस वर्षांचा नवरदेव. पोटपट्टा एकाच ठिकाणी उसवला. माझी बायको लव्हिनिया परी होते. टाळ्या तिला जास्त पडल्या. कुणी टाळ्यावाले पढवून बसवले होते का, बघायला हवं.

अख्ख्या वसाहतीत हे नाटक फक्त माझ्याकडे आहे. जहाजावरच्या एका वाढप्याने लंडनला पुन्हा पुन्हा बघून पाठ केलेलं. त्याच्या तोंडून मी ते रीतसर उतरवून घेतलं. संकल्प: कुणालाही चोरू द्यायचं नाही. इकडे चोर फार.

या आठवड्यात मेलबर्नच्या बड्या थिएटरचा मॅनेजर गुपचूप प्रयोग बघून जाणार आहे. पसंत पडलं तर मेलबर्न! खाणवाल्यांसमोर नाचून माझी हयात गेली. आता नाही तर कधीच नाही.

मंगळवार

उकाडा. तोंडात धूळ. तिसऱ्या रांगेत एक किडकिडीत माणूस. मी बोललो की त्याचे ओठ हलतात. पाठ करतोय!

लव्हिनियाला दाखवला. म्हणाली, “प्रार्थना करत असेल बिचारा, तुझं भाषण संपावं म्हणून.” तिला कशाचंच गांभीर्य नाही.

पहिल्या रांगेत एक जाडा, हातात सिगार. हाच मॅनेजर. प्रेमाचा प्रवेश मी त्याच्याकडे बघूनच केला. लव्हिनिया उगाच रुसली.

बुधवार

किडक्या पुन्हा हजर. दुसऱ्या अंकात मी एक वाक्य विसरलो (नाट्यमय थांबा घेतला), तर त्याचे ओठ माझ्याआधी हलले! म्हणजे आतून कुणीतरी फितूर आहे.

क्रम्प. दुसरं कोण? आमच्यात नटाला फक्त त्याची वाक्यं देतात, आणि प्रत्येकाआधी समोरच्याचा शेवटचा शब्द. तो कानावर पडला की तोंड उघडायचं. पद्धत उत्तम, कारण नाटक कुणालाच कळत नाही. अख्खं नाटक फक्त प्रॉम्प्टरकडे, आणि प्रॉम्प्टर क्रम्प. शिवाय तोच परीचा बाप होतो. काढून घेतलं सगळं बाड. आता माझ्या उशीखाली. तो म्हणाला, “मालक, मध्येच अडकलात तर?” म्हटलं, अडकणारा मी नव्हे.

गुरुवार

रात्रभर मान अवघडली. उशी उंच झाली.

पण युक्ती सुचली! शेवटच्या अंकातले शब्दच बदलून टाकले. ‘परत आलो तुझ्या अंगणात’ऐवजी उद्याच्या प्रयोगापासून ‘परत आलो तुझ्या चांदण्यात’. चोराचं पाठांतर गेलं पाण्यात.

क्रम्प डोकं खाजवत म्हणाला, “मालक, ‘चांदण्यात’वर तर माझं पहिल्या अंकातलं...” मी त्याला तिथेच गप्प केला. फितूर माणसाला शंका फार.

शुक्रवार

सर्दी, म्हणून प्रयोग रद्द. (तिकिटंही खपली नव्हती.) लव्हिनिया बाजारात कुणाशी तरी बोलत होती. विचारलं, तर म्हणे मासेवाला. हातात मासा नव्हता.

शनिवार, प्रयोगानंतर

थोडी गडबड झाली.

तिसऱ्या अंकात मी झोकात म्हणालो, “परत आलो तुझ्या चांदण्यात!” आणि तो बैल क्रम्प लगेच उठून गरजला, “कोण रे तू परक्या? माझ्या मुलीकडे काय बघतोस?” पहिल्या अंकातलं! त्याचा शेवटचा शब्द ऐकून सख्या आल्या, त्यांचा ऐकून पाद्री, आणि माझं पुन्हा लग्न लागलं. लग्नावरून गाडी गडगडत तिसऱ्या अंकात आली, तिथे ठरल्याप्रमाणे मी परत ‘चांदण्यात’ म्हणालो. तिसरं लग्न! सावरायला प्रॉम्प्टरकडे बाड नाही, ते माझ्या उशीखाली. खाणवाले बाकांवर उभे राहून ओरडत होते, “अरे, चौथं लग्न लाव!”

किडक्या हसून हसून रडत होता. मी नवरदेवाच्या हॅटसकट खाली उडी मारली आणि कॉलर धरून त्याला रस्त्यावर काढला. जाड्याला लवून विचारलं, मेलबर्नला कधी येऊ? म्हणाला, “तुमची मर्जी. मी साबण विकतो.”

रविवार

किडक्या हाच मॅनेजर. नाटकाचे खरे हक्क त्याने लेखकाकडून लंडनलाच घेतले आहेत. पाठ असणारच. माझ्यावर खटला भरणार होता, तो सोडून दिला. बदल्यात सगळी मंडळी नेतो. क्रम्पसुद्धा. नवरदेव त्यांच्याकडे आहे म्हणे, खरोखर विशीतला.

हा शुद्ध कट आहे. लव्हिनियाला बजावलं, तू जाणार नाहीस.

ती ट्रंक भरत होती. शांतपणे म्हणाली, “ऑस्गुड, शुक्रवारी बाजारात तोच होता. मी त्याला सांगितलं, नवऱ्याशिवाय येणार नाही. काल तू मला विंगेत ओढून विचारलंस, त्या चोराकडून काय घेतलंस? सगळ्यांसमोर. मग मी त्याला हो म्हटलं.”

मी म्हणालो, मग माझा संशय खराच होता की! तिने माझे धुतलेले शर्ट ट्रंकेतून काढून पलंगावर ठेवले.

सोमवार

सकाळच्या गाडीने सगळे गेले. स्टेशनवर गेलो नाही. त्यांना तेच हवं असणार.

मंगळवार

दार उघडं ठेवून दिवसभर बसलो. माझ्याविरुद्ध आज कुणीच काही केलं नाही.