गुलाबांच्या कडेची मोकळी जागा

राडको,

दुपारी वीटवाला येईल. सगळ्या वाफ्यांना विटांचा काठ आपल्याला झेपणार नाही. फाटकापासून दारापर्यंत विटा लाव, मागे प्लास्टिकची पट्टी पुरे. टोमॅटोंना कोण बघायला येतंय? तीनशे लेव पावाच्या डब्यात आहेत. घासाघीस कर, लाजू नकोस.

गुलाबांच्या कडेला मात्र हात लावू देऊ नकोस. घरात लग्न झालं की त्या दिवशीची वाइनची रिकामी बाटली तिथे काठाला उलटी पुरायची, हे तुझ्या बाबांनीच सुरू केलं. आपल्या बाटलीशेजारची जागा त्यांनी आपल्या बोयानसाठी सोडली होती. काल तू म्हणालास, तिथेही वीट बसवून टाकू.

सकाळी बोयानचा फोन आला. तू अंगणात होतास, मी मुद्दामच हाक मारली नाही. पोराने आपल्याला न विचारता लग्न केलं, खरंय. पण दोघं पाचच्या बसने येतायत, बाटली घेऊन. माझा घरात पाय ठरत नाही, मी आत्ताच स्टँडवर चाललेय. चीज भरलेली बनित्सा भाजून झाकून ठेवलीय, चौघांना पुरेल.

आल्यावर मी तुला काही विचारणार नाही, फक्त ती जागा बघेन. तिथे वीट दिसली, तर फाटकातूनच त्यांना घेऊन मागे फिरेन.

रुमेना