बिनभोकाची पदकं

प्रिय रीता,

आजीचं अक्षर वाकडं आहे, तसंच वाचून घे. प्रौढवर्गात जेवढं शिकली तेवढ्यावरच भागवून राह्यली.

तू पुण्याहून बापाले फोन केला की माझी काशाची पदकं भंगारात देऊन टाका. म्युझियमवाल्याईनं नोकरी दिली नाही, तर राग पदकावर काहून? भंगारवाला मानोऱ्याहून आला होता. मीच त्याले चहा पाजून वाटेले लावला. तुझा बाप बादल म्हणे, माय, पोरीनंच सांगितलं. म्हटलं, तापात माणूस काहीही बडबडते.

मग डबा उघडून पहिल्यांदा नीट पाह्यलं. मी आतापर्यंत पैसेच समजत होती. पैसे नाहीत, पैसा कसा घडवत गेले त्याची चित्रं. एकावर हातोडा उचललेला माणूस, खाली ठसा. दुसऱ्यावर दोघं जण लांब दांडा ओढून मोठा स्क्रू फिरवून राह्यले. तिसऱ्यावर वाफेचं यंत्र. तू हे सांगायची तेव्हा मी भाकरी थापत नुसतं हो हो करायची.

आपल्या तांड्यात गोल चकती दिसली की भोक पाडून अंगावर चढवायची, माझ्या कांचळी-चोळीवर टाचलेले रुपये तूच मोजत बसायची. म्हणून फुलसिंगले भोक पाडायचं मशीन घेऊन बोलावलं. त्यानं टोक टेकवलं ते बरोबर हातोडेवाल्याच्या कपाळावर. म्हटलं, थांब रे, त्यानं तुझं काय बिघडवलं? फुलसिंगनं मले येडी ठरवलं. ठरवू दे.

कपड्यावरच्या आरशाले आपण भोक पाडतो का? कडेनं टाके घालून धरतो. तसंच केलं. लाल कापडाले खिडक्या कापल्या आणि दोन्ही अंगं दिसतील असं एकेक बसवलं. डोळे गेले थोडे, पण एकही हलत नाही.

इंझोरीच्या शाळेतल्या सुकेशनी मॅडम कापड पाहून गेल्या. दसऱ्याआधीच्या शनिवारी पोराईले दाखवायचं म्हणतात. बायाही घरी येऊन विचारून राह्यल्या, हातोडा चांगला चालत होता, मग स्क्रू कायले आणला? मले उत्तर येत नाही, आणि येत नाही म्हणायची मले सवय नाही. म्हणून हे पत्र. मॅडमले सांगून बसली, माझी नात येऊन सांगणार. नोकरीवाल्याईनं तुले दोन प्रश्न विचारून घरी पाठवलं, इथं बाया उठूच देणार नाहीत. आदल्या दिवशीच ये. रडका चेहरा आणू नको, शाळेत लहान पोरं असतात.

तुझीच, खोटी पडायची तयारी नसलेली आजी,
कमलीबाई