‘येते’ म्हणजे येणार ना?

ता. ४

ती. ताईस, काडेपेटीचा सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. हसू नकोस. फोनवर मी भडकून मध्येच ठेवून देतो म्हणून तूच पत्रं लिहायला लावलीस, आता सगळं वाच.

कॉलेज अर्धवट सोडून या शेगड्यांच्या कारखान्यात आलो त्याला आठ महिने झाले. तक्रारींच्या टेबलावर बसतो. नकाशे काढणारी एक मुलगी आहे, सगळे तिला फूटपट्टी म्हणतात. तिने माझ्यापुढे चार बर्नरची शेगडी ठेवली आणि मागचा डावा पेटवायला सांगितला. मी ऐटीत बटण फिरवलं, पेटला पुढचा उजवा. ती म्हणाली, चूक तुमची नाही, चारही बटणं एका ओळीत लावणाऱ्याची आहे. कुठलं बटण कुणाचं हे शेगडीनेच सांगायला हवं. ताई, परीक्षेपासून उतू गेलेल्या दुधापर्यंत आजवर चूक माझीच असायची. संपलं. मी गेलो कामातून.

लगेच तिला मेसेज टाकून गुरुवारी पाचला चहाचं विचारलं. उत्तराच्या शेवटी ‘येते’ होतं. खात्री असावी म्हणून मोबाइलमधल्या एआयला विचारलं, मुलीने ‘येते’ लिहिलं म्हणजे ती येणार ना? तो म्हणाला, हो, येणार. शर्टाला इस्त्री झाली आहे. बाबांना इतक्यात बोलू नकोस. लोभ आहेच, थोडा वाढव.

तुझा
काडेपेटी

ता. ८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ती आली नाही. दोन तास, तीन चहा. चौथ्यांदा वेटरने विचारलंही नाही, नुसतं टेबल पुसून गेला. तिथूनच मी तिला लिहिलं, शब्द पाळता येत नसेल तर देऊ नये. तेव्हापासून ती माझ्याकडे पाहत नाही आणि येत्या शनिवारी दुसऱ्या कारखान्यात तिची बदली आहे. हा एआय ठार मूर्ख आहे. तिचा मेसेज अख्खा उतरवतो, तूच न्याय कर: ‘गुरुवारी पाचला नकाशे छापायला द्यायचेत, बघू. आता साहेब बोलावतायत. येते.’

तुझाच, विझलेला
काडेपेटी

ता. १०

चि. काडेपेटीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक समोर असताना वाचलं आणि हसू आवरेना. अरे दीडशहाण्या, मामी चपला घालून दारातून ‘येते’ म्हणायची, तेव्हा तू तिच्यासाठी चहा टाकायचास का?

एआयला तू शेवटचा शब्द दाखवलास. नकाशे, साहेब, ‘बघू’ सगळं खिशात ठेवलंस. वर प्रश्न असा, की उत्तर आधीच त्यात. चुकलं त्याचंही. आधी काय लिहिलंय, एवढं त्याने विचारायला हवं होतं. चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही तर मी अंदाजाने गोळ्या देत नाही, डॉक्टरांना फोन करते. तुम्ही दोघं एका माळेचे मणी, उत्तर आधी आणि विचार मागून. पण तो खोचक मेसेज काही त्याने पाठवला नाही. तो तुझा. आता तूच निस्तर.

बाबांना बोलले नाही. लोभ होता तेवढाच आहे, वाढवायचं तुझ्यावर.

तुझी
ताई

ता. १४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी भडकलो, मग जेवलो, मग पटलं. एआयला पूर्ण मेसेज दाखवला. तो म्हणाला, माझी घाई झाली, हा निरोपाचा ‘येते’ दिसतो; पण ‘बघू’मध्ये होकार होता की नकार, हे तिलाच माहीत. इतकी सरळ कबुली मला कधी जमली आहे?

मग त्याच्याकडूनच माफीपत्र लिहून घेतलं. सुरेख होतं. ‘आपल्या भावना दुखावल्या असल्यास’ अशी सुरुवात. असल्यास कसलं? दुखावल्याच आहेत. पुसून टाकलं.

उद्या ती जाणार. आत्ता नकाशांच्या खोलीत आहे, सोबत साहेब आणि आणखी दोघं. त्यांच्यादेखत सांगायचं, की रागात वाटेल ते लिहिलं, माफ करा. चहाचं नाव काढायचं नाही. वाक्यात ‘पण’ आला तर जीभ चावायची. कदाचित ती मान वर करणारही नाही. त्याला मी तयार आहे. नाही, तयार नाही, तरी जातो.

आमच्या तक्रारींच्या खोलीचं दार बाहेरून ओढलं की आपोआप लागतं, आणि किल्ली नकाशांच्या खोलीत टांगलेली असते. बाहेर उभा राहून, कागद भिंतीला धरून हे लिहितोय. आजच्यापुरता लोभ तूच सांभाळ.

ओढलं दार.

काडेपेटी