हातावरचा मनोरा

दिनांक १८ नोव्हेंबर, दुपारचे तीन

चिरंजीव चिमणी हिस,

मी खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा समुद्रकिनाऱ्यावर फोटो काढणे, बंदर कचेरीचा परवाना चोपन्न वर्षे अखंड, नात्याने तुझा थोरला भाऊ, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहितो ते येणेप्रमाणे. जबाब असाच सुरू करायचा असतो. यापूर्वी मी एकदाच जबाब दिला आहे. तो तुला ठाऊक आहे.

माझी प्रकृती ठीक आहे. उजवा डोळा अंधूक झाला असला, तरी फोटोग्राफराला एकच डोळा लागतो. तुझे गुडघे कसे आहेत? तुझे कार्ड मिळून महिना झाला. पत्राचे उत्तर आठ दिवसांत जावे असे गुरुजी सांगत, आणि त्यांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. हा विलंब आळसामुळे झालेला नाही, एवढे ध्यानी घे.

किनाऱ्यावर नवीन काही नाही. जुना दीपस्तंभाचा मनोरा उभा आहे. दिवा बंद होऊन कित्येक वर्षे झाली, तरी माणसे त्यालाच पाहायला येतात. हल्ली प्रत्येकाच्या हातात फोन असतो. ते स्वतःचे दात नीट येतील याची काळजी घेतात आणि मनोऱ्याचे डोके कापतात. माझ्या एकाही फोटोत मनोऱ्याचे डोके कापले गेलेले नाही. माझ्या शेजारी चहा विकणारी बाई मला रोज टोमणा मारते, "आजोबा, नवी नवरीसुद्धा आता तोंड झाकत नाही, आणि तुम्ही अजून बुरख्यात." मी तिला सांगतो, "बाई, कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली गेल्याशिवाय उजेड कळत नाही." ती हसते आणि माझ्या चहात साखर कमी टाकते.

आता तुझ्या कार्डाकडे वळतो. तू लिहिलेस की मुलाने नवीन घरात सगळ्यांचे फोटो भिंतीवर लावले, पण बापाचा लावू दिला नाही. "जो आपल्याला टाकून गेला, त्याच्यासाठी खिळा कशाला ठोकायचा?" असे तो म्हणाला. खाली तू एकच ओळ लिहिलीस, "दादा, ते जाताना काही बोलले होते का?" बेचाळीस वर्षांत तू हा प्रश्न मला प्रथमच विचारलास. एरवी तू मला काहीच विचारत नाहीस, आणि त्याचे कारण मी जाणतो.

माझी कामाची रीत तुला माहीत आहे, तरी कागदावर यावी म्हणून लिहितो. वाळूच्या कडेला सिमेंटचा चौथरा आहे. त्याला तीन खळगे आहेत आणि कॅमेऱ्याचे तीन पाय त्यांतच बसतात. तेथून दगडी धक्का मनोऱ्याच्या खडकापर्यंत जातो. धक्का मध्येच खचला आहे. खिंडार चौथऱ्यापासून बेचाळीस पावलांवर आहे आणि त्याच्या दोन पावले अलीकडे कचेरीने पांढरी रेघ मारली आहे. रेघेपलीकडे कोणास उभे करणार नाही, असे परवान्यावर लिहून त्याखाली मी सही केलेली आहे.

माझा गाजलेला फोटो म्हणजे हातावरचा मनोरा. माणूस धक्क्यावर उभा राहून तळहात पसरतो आणि मी त्याला मागेपुढे करून मनोरा बरोबर त्याच्या तळव्यावर उभा करतो. उंच माणसाचा हात वर जातो, म्हणून त्याला अधिक मागे घ्यावे लागते.

मेहुणे उंच होते.

ते हंगामाच्या पहिल्या दिवशी आले. सकाळचे नऊ वाजले होते आणि भरती चढत होती. मी माझ्या जबाबात म्हटले की ते गप्प गप्प होते आणि मी कॅमेऱ्यातली काचेची प्लेट बदलत असताना आपल्या पायांनी पाण्याकडे गेले. हे खोटे आहे. ते हसत आले होते. हातात रंधा धरायची सवय असल्यामुळे रिकाम्या हाताचे काय करावे हे त्यांना कळत नसे, म्हणून ते सारखे हात चोळत होते. म्हणाले, "दादा, मनोऱ्याचा एक काढा ना. पोराला दाखवतो, बाप काय काय उचलतो ते." मी कापडाखाली गेलो.

कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर सगळे उलटे दिसते, चिमणे. आभाळ खाली, समुद्र वर. मनोरा छताला टांगल्यासारखा. त्यांचा हात मनोऱ्याच्या वर जात होता. मी म्हणालो, मागे. ते सरकले. मी म्हणालो, अजून. त्यांची टाच रेघेवर आली, ते मला काचेत दिसले. त्यांनी विचारले, "आला का हो दादा, हातात?" बोटभर कमी होते. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चालेल. मी म्हणालो, "एक पाऊल मागे." त्यांनी मोठे पाऊल टाकले. मनोरा तळव्यावर बसला, आणि ते काचेत वर गेले. पडले नाहीत, वर गेले. मग काचेत मनोरा एकटा उरला.

मी कापडाखालीच राहिलो. किती वेळ, ते मी आजवर कोणास सांगितले नाही. मी वीसपर्यंत आकडे मोजले. बाहेर आलो नाही तर काही घडलेले नाही, असे मला वाटले. बाहेर आलो तेव्हा धक्क्यावर लाटा फुटत होत्या.

परवाना जाईल, लौकिक जाईल, म्हणून मी ते दोन शब्द बोललो, गप्प गप्प. त्या दोन शब्दांवर गावाने बाकीचे रचले. तू टाकलेली बाई झालीस, आणि तुझा मुलगा टाकलेले पोर.

जे काही ते बोलले, ते एवढेच. आला का हो दादा, हातात. ते तुम्हाला टाकून गेले नाहीत. मी त्यांना मागे सरकवले.

आता जे लिहितो त्यावर तू विश्वास ठेवशील की नाही, ते मी तुझ्यावर सोडतो. दरवर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी, नऊ वाजता, काच तपासण्यासाठी मी रिकाम्या धक्क्याची एक प्लेट काढतो. पुढच्याच वर्षी त्या प्लेटवर खिंडारापाशी एक डाग आला. औषधाचा दोष समजून मी ती फोडली. दुसऱ्या वर्षी डाग एक पाऊल अलीकडे होता. तिसऱ्या वर्षी त्याला हात होता. तेव्हापासूनच्या सर्व प्लेटा ट्रंकेत आहेत. ते वर्षाला एक पाऊल पुढे येतात, हात पसरून. नुसत्या डोळ्यांना धक्का रिकामाच दिसे. मी दरवर्षी प्लेट काढली आणि एकदाही काही बोललो नाही.

आज हंगामाचा पहिला दिवस, बेचाळिसावे वर्ष.

आज नऊ वाजता ओहोटी होती, वाळू कोरडी होती. मी कापडाखाली गेलो. काचेत धक्का दिसला नाही. काचभर एक तळहात होता, उलटा, ओला, रेषा न् रेषा स्पष्ट. करंगळीचे वरचे पेर नव्हते. ते करवतीने गेले, त्या दिवशी पट्टी तूच बांधली होतीस. कापडाला समोरून ओलसर श्वास लागला आणि मला तोच प्रश्न ऐकू आला. हळू आवाजात. त्यात राग नव्हता, चिमणे. एखादा बराच वेळ उभे राहून दमल्यावर विचारतो, तसा.

मी म्हणालो, "आला, मेहुणे. केव्हाच आला होता. आता पुढे या." आणि प्लेट घालून फोटो काढला.

बाहेर आलो तर चहावाली किटली धरून उभी होती. "आजोबा, कुणाशी बोलत होता?" तिने चौथऱ्याकडे पाहिले आणि किटली खाली ठेवली. कोरड्या सिमेंटवर दोन ओली पावले होती, बोटे कॅमेऱ्याकडे. "तुम्ही तर चप्पल घातलीय," ती म्हणाली. मनोऱ्याच्या रखवालदाराला तिनेच हाक मारली. तो वाकून पाहत म्हणाला, "पावलं आलीत, गेलेली नाहीत." ऊन चढले, तरी ती पावले वाळली नाहीत. मी हे लिहितो आहे, तेव्हाही ती ओलीच आहेत.

दुपारी प्लेट धुतली. फोटो सोबत पाठवीत आहे. त्यात चेहरा नाही, पण हात कोणाचा ते तुला विचारावे लागणार नाही. काचेत न दिसलेला मनोरा फोटोत तळव्यावर बरोबर बसला आहे, डोके न कापता. मुलाला माझे हे पत्र आधी वाचून दाखव, मग खिळा ठोकायला सांग. परवाना मी उद्या कचेरीत परत करीन आणि या पत्राची नक्कल तेथे देईन. तू मला क्षमा करावीस असे मी लिहिणार नाही. ती मागण्याचा माझा अधिकार त्या वीस आकड्यांत गेला.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो खरा आहे.

तुझा,
जो बाहेर आला नाही तो दादा

लिहिताना हजर असलेले साक्षीदार:

चहावाली बाई, डाव्या हाताचा अंगठा.

मनोऱ्याचा रखवालदार, सही.

तिसरे माझ्या उजव्या हाताशी उभे आहेत. त्यांनी सही केली नाही, हात टेकला. कागद तेथे ओला आहे. चार बोटे पुरती उमटतील, पाचवे अपुरे.