पाच मिनिटांपुरती लाइट

निमगाव केतकी
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय रतन,

तुला अनेक आशीर्वाद. माझ्या हातचं पत्र येईल असं तुला वाटलं नसेल. सातवीपर्यंत गिरवलेलं अक्षर आता भजनाच्या वहीपुरतंच उरलं आहे, तेव्हा कुठं लागलं नाही तर समजून घे. इकडे पानमळा बरा आहे. थंडी सुरू झाली की पान बारीक येतं, तसं आलं आहे. तुझी मामी गुडघ्यानं बेजार आहे, तरी ओट्यावर बसून पानं मोजून त्यांच्या जुड्या, कवळ्या लावते. दिग्विजय इंदापूरला क्लासला जातो. त्याचा कॉम्प्युटर व्यवस्थित चालतो, खेळतानासुद्धा एकदाही अडकत नाही. हे शेवटचं वाक्य वाचून तू थांबला असशील. मी त्याच्यासाठीच लिहायला बसलो आहे, पण तिथवर यायला मला वेळ लागेल.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात तू तुझ्या दुकानात जोडलेलं ते मशीन घेऊन आलास. बारामतीहून इंदापूरच्या एसटीत मांडीवर पडद्याचं खोकं धरून बसला होतास आणि कंडक्टरनं विचारलं होतं, "पाव्हणं, कोंबड्या हायत का आत? हाफ तिकीट लावू?" तू हे सांगितलंस तेव्हा मामीला हसू आवरेना. मशीन जिथं मांडलं त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर तू चपला काढल्यास. दिग्विजय म्हणाला, "दादा, ह्यो काय पानमळा हाय का?" तू म्हणालास, "माझ्यासाठी हाय." पानमळ्यात पायताण घालून जायचं नाही हे तुला लहानपणी मीच शिकवलं. तुझी आई आजारी होती त्या वर्षी तू आमच्याकडंच होतास आणि सगळा उन्हाळा माझ्या मागं अनवाणी फिरलास. मला तुझं ते उत्तर फार आवडलं होतं. तेव्हा बोललो नाही.

महिनाभरात तक्रार सुरू झाली. दिग्विजय गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायला बसला की दहा-पंधरा मिनिटांत चित्र जागच्या जागी थिजायचं. गाडी वळणावर तशीच उभी, आवाज एकाच सुरात घुमतोय, माऊस हलवा नाही तर बटणं बडवा, काही उपयोग नाही. बंद करून पुन्हा चालू करायचं एवढंच. टायपिंग करताना मात्र कधी असं होत नव्हतं. तू आलास, दिग्विजयला समोर बसवून सगळं विचारलंस, वहीत लिहून घेतलंस. कोणता खेळ, किती मिनिटं, पंखा फिरतो का, आतून गरम लागतं का. डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाही. मग तू म्हणालास की ज्या अर्थी फक्त खेळातच अडकतं, त्या अर्थी दोष चित्र काढणाऱ्या कार्डाचा असणार, आणि त्याचा ड्रायव्हर जुना आहे. मी विचारलं, ड्रायव्हर म्हणजे काय रे? तू म्हणालास, "मामा, बैल तुमच्या खिलाऱ्यासारखा हाय, पर हाकणाऱ्याला रस्ता ठावं न्हाय."

पुण्याला जाऊन तू इंटरनेटवरून नवा ड्रायव्हर सीडीवर आणलास आणि घातलास. चार दिवस खेळ सुरळीत चालला. दिग्विजयनं गावभर सांगितलं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तू पुन्हा आलास, जुनं काढून दुसरं घातलंस. रॅमच्या पट्ट्या काढून रबरानं पुसल्यास. पंखा बदललास. दुकानाला कुलूप लावून तू किती खेपा केल्यास, मी मोजल्या नाहीत. दर वेळी मामी जेवायला वाढायची आणि तू ताटावरसुद्धा त्या वहीत बघत असायचास. त्यातल्या एका जेवणाला तू मान वर करून मला विचारलंस, "मामा, घराची लाइन वेगळी हाय ना? मोटारीच्या पेटीतनं न्हाय ना घेतलेली?" मी म्हणालो, "व्हय, वेगळी हाय की." तू वहीत एक ओळ खोडलीस. ती ओळ खोडताना मी पाहिली, रतन.

लाइन वेगळी नव्हती. वस्तीवरच्या घराला मीटर मिळायला उशीर लागला, तेव्हा विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढली होती ती तशीच राहिली, म्हणजे चोरीच. आणि सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी माइकवर उभा राहून तारेवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांना नावं ठेवणारा मीच होतो. तुझ्यापुढं खरं बोललो तर ते दिग्विजयच्या तोंडून गावात जाईल एवढीच भीती. तेवढ्यासाठी मी "व्हय" म्हणालो. मला वाटलं, याचा आणि खेळाचा काय संबंध.

संबंध असा होता. शेतीपंपाची थ्री फेज लाइट आली की मोटार ऑटोवर आपोआप चालू होते. पाटाला पाणी नीट जातंय का बघायला तेवढा वेळ दिग्विजयनं वस्तीवर थांबायचं, असा माझा नियम. मग तो घरात बसून खेळायचा. म्हणजे मोटार चालू असेल तेव्हाच खेळ, आणि ती बंद असेल तेव्हा टायपिंग. आजूबाजूच्या मोटारी उठल्या की बल्ब पिवळा पडायचा, आपली मोटार मध्येच बंद पडून पुन्हा उठायची, आणि मशीन थिजायचं. खेळाचा काही दोष नव्हता. नवा ड्रायव्हर घातल्यावर चार दिवस नीट चाललं ना? त्या चार दिवसांत मोटार जळून वाइंडिंगला गेली होती. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. काही अंशी कळलंही होतं. मी त्या विचाराकडं पाठ केली.

मे महिन्यात तू शेवटचा उपाय म्हणून आलास. बोर्डावर एक लहान चिप असते, मशीन जागं होताना आधी तिचं ऐकतं, आणि तिच्यातलं लिहिणं जुनं झालंय म्हणून ते नवं लिहायचं, असं तू समजावलंस. फ्लॉपीत सगळं आणलं होतंस. म्हणालास, "पाच मिनिटं लागतील. तेवढ्यात लाइट हलली तर मशीन गेलंच म्हणून समजा." आदल्या दिवशी तू फोनवर विचारलं होतंस की दुकानातला बॅटरीचा यूपीएस गिऱ्हाइकाकडं दिलाय, तो मागून आणू का, आणि मी म्हणालो होतो, कशाला एवढं ओझं, आपली लाइन वेगळी आहे, सकाळी ती हलत नाही. एकदा खोटं बोललं की पुढचं खोटं विचार न करता निघतं.

सकाळचे दहा वाजले होते. त्या आठवड्यात थ्री फेज दुपारी होती. तू फ्लॉपी घातलीस, कागदावरचे आकडे बोर्डावरच्या आकड्यांशी दोनदा ताडून पाहिलेस, तिसऱ्यांदा दिग्विजयला वाचायला लावलेस. मग हात जोडलेस आणि बटण दाबलंस. तेवढ्यात माझ्या मनात आलं, विहिरीवरचा ऑटो चालू आहे. उठून बंद करून यायला दोन मिनिटं पुरली असती. मी उठलोसुद्धा. तू पडद्यावरची नजर न काढता विचारलंस, "कुठं निघालात मामा?" आणि मी पुन्हा बसलो. मोटार बंद करायला चाललो म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, लाइन वेगळी असताना मोटारीचं काय? मी बसून देवाचं नाव घ्यायला लागलो. आयुष्यभर लाइट येऊ दे म्हणून देवाला विनवलं, त्या दिवशी पाच मिनिटं थ्री फेज येऊ देऊ नको म्हणून विनवलं. उठण्याऐवजी देवाला पुढं केलं.

वेळ नसताना थ्री फेज आली. विहिरीकडून मोटारीचा आवाज आला, बल्ब पिवळा झाला आणि पडदा काळा पडला. क्षणाचं काम. तू मागं वळून मला विचारलंस, "मामा, लाइट हलली का?" तुझी नजर पडद्यावर होती म्हणून बल्ब तुला दिसला नव्हता, दिग्विजय कागदात बघत होता. मी म्हणालो, "न्हाय बा. मला तर न्हाय दिसलं."

 तू फ्लॉपी पुन्हा पुन्हा घालत होतास. दिग्विजय ओरडला, "दादा, तुमी मारलं मशीन!" मी त्याला गप्प बस म्हणालो नाही. तू मशीन पुण्याला नेऊन नवा बोर्ड घालून आणून दिलंस, तरी खेळ अडकायचा तो अडकतच राहिला. मग लोणी भापकरच्या तात्याबांनी मला बाजारात गाठलं. त्यांच्या शाळेला दहा मशीन घ्यायची होती आणि ते काम तुला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. म्हणाले, "दादासो, तुमचा भाचा कसा काय कारागीर? कानावर भलतंच येतंय." मी विकायला नेलेली पानांची करंडी हातात धरून उभा राहिलो.  सख्खा मामा गप्प बसला म्हटल्यावर तात्याबांना अजून काय हवं होतं? ते काम गेलं, मग दुसरं गेलं, आणि श्रावणात तू दुकान बंद केलंस.

भाद्रपदात मी गुपचूप घराला वेगळं मीटर घेतलं. त्या दिवसापासून मशीन एकदाही अडकलं नाही. दिग्विजय काय म्हणतो माहीत आहे? "दादाचा हात लागायचा बंद झाला अन् आपोआप बरं झालं." मामी हसते. मी मळ्यात निघून जातो.

परवा भाऊबीजेला तुझी आई आली होती. वर्षभर ती आमच्या वस्तीवर फिरकली नव्हती. तिनं मला ओवाळलं, आणि मी ताटात ओवाळणी घालायला गेलो तर हात धरला. म्हणाली, "मला लुगडं नगं, काय नगं. दादा, माझ्या रतनला तेवढं समजाव." इंदापूरच्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी तुला बोलावलंय, दोन हजार साल उजाडलं की मशीन बिघडतील म्हणतात, त्याच्या आत त्यांना जाणता माणूस हवाय, आणि तू पोल्ट्रीवर खाद्याची पोती उचलतोस. त्यांना तू नको म्हणून सांगितलंस. आईला म्हणालास, "माझ्या हातनं मशीन मरतं." घरातला रेडिओ बंद पडला तरी तू पेचकस हातात घेत नाहीस, असं ती रडत सांगत होती. आणि म्हणाली, "तुझं तो ऐकतो, कारण तू कधी खोटं बोलत न्हाईस." तिच्या तोंडावर मला सांगता आलं नाही. मी फक्त मान हलवली आणि तिचं ताट रिकामं परत गेलं.

रतन, त्या दिवशी तुझ्याकडून एकही चूक झाली नाही. मी शेजारी बसून सगळं पाहिलं आहे. माफ कर असं मी लिहीत नाही, ते मागायचं तोंड मला नाही, आणि तू आमच्या वस्तीवर पुन्हा आला नाहीस तरी माझं काही म्हणणं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मी लोणी भापकरला तात्याबांकडं जातो आहे. शाळेची मशीन दुसऱ्यानं कधीच बसवली, त्यामुळं तिथं आता काही परत मिळणार नाही, पण जे बोलायचं राहिलं ते चार माणसांत बोलून येतो. दिग्विजयला आज सांगितलं. तो माझ्याशी बोलत नाही. तुमच्या घरी आलेलं पत्र तुझी धाकटी बहीण छकुली तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. हेही तसंच वाचू दे. आईला वाईट वाटेल म्हणून मधलं काही गाळू नको म्हणावं.

तुझाच,
दादासो मामा