उद्घाटनाआधी यंत्राला हात लावू नये

३ मार्च
आलं एकदाचं यंत्र. रक्तातली जनुकं वाचणारं. अख्ख्या पश्चिम युगांडात दुसरं नाही. परदेशी विद्यापीठाने दिलंय, अट एकच: मे संपायच्या आत एक तरी रिपोर्ट पाठवा, नाहीतर यंत्र शेजारच्या जिल्ह्यात डॉ. बाइंगानाकडे जाणार. हसू आलं. बाइंगानाला वेळेवर स्वतःचा चष्मा सापडत नाही.
संकल्प: आजपासून रोज मॅन्युअलची दहा पानं.

५ मार्च
मॅन्युअल फार जाड. उशाला घेऊन पाहिलं, मान अवघडली.
बालविभागाच्या सिस्टर अब्वोली आल्या. सोबत केमिगिसा नावाची बाई आणि तिची मुलगी बिरुंगी. पोर दोन वर्षांची, मान धरत नाही, अधूनमधून झटके येतात. आजाराला नाव सापडलं तर औषधही सापडेल, असं सिस्टरचं म्हणणं. आजच रक्त घेऊ या का म्हणत होत्या. मी समजावलं की मंत्र्यांनी फीत कापायच्या आधी यंत्र चालवणं म्हणजे लग्नाआधी बारसं. केमिगिसा म्हणाली, आमच्या गावात बऱ्याचदा तसंच होतं डॉक्टर, पोरं चांगली वाढतात.
ग्रामीण भागात जागृतीची गरज आहे.

२१ मार्च, कंपाला
वर्कशॉप. विषय: मागास भागातील जनुकवैद्यकाचा क्षमताविकास. गेल्या वर्षभरातलं चौथं. मटण उत्तम. क्षमता वाढल्याचं जाणवतंय, पट्टा सैल करावा लागला.

१२ एप्रिल
मंत्री येत नाहीत. उद्घाटन पुढे ढकललं. लॅबच्या दाराला फीत बांधून ठेवलीय, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. सिस्टर म्हणाल्या, फितीला धक्का न लावता मी खिडकीतून आत जाते, केमिगिसा परत आलीय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खिडकीलाही फीत बांधली.

९ मे
मंत्री अठ्ठावीसला येणार, नक्की. तंबू, दोन बोकड, चर्चचा गायनवृंद ठरला. जनुकासारखा पीळ असलेला केक सांगितला, चार फुटी. कल्पना माझीच.
मॅन्युअल: पान चार. पान तीन पुन्हा वाचणार, काही आठवत नाही.

२७ मे
केक आला. उकाड्याने पीळ सुटायला लागला. जनरेटरवर चालणारा फ्रीझर एकच, लॅबमधला. फितीखालून वाकून आत गेलो, प्रमुखाला तेवढी मुभा असते. फ्रीझरमध्ये यंत्राची रसायनं होती. ती खोकी नर्सेसच्या चहाच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवली. संध्याकाळपासून वीज नाही, पण फ्रिजचं दार घट्ट लावलंय.
सिस्टर म्हणाल्या, अराली, खोक्यांवर उणे वीस अंश लिहिलंय हो. अराली हे माझं खास नाव, आमच्याकडे आदराने हाक मारायची ती अशाच नावाने. तेच नाव घेऊन माणसाला गाढव म्हणण्याची कला मात्र सिस्टरचीच. कंपन्या भीतीपोटी काहीही छापतात, असं मी सांगितलं.

२८ मे
सोहळा अपूर्व. मंत्री चार तास उशिरा. दाराची फीत कापली, मग खिडकीचीही कापली. केकचा पीळ पाहून त्यांनी हा कोणता साप, असं विचारलं. पहिलं रक्त बिरुंगीचं. मंत्र्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या. केमिगिसाने वाजवल्या नाहीत, तिच्या हातात पोर होती.

३१ मे
रिपोर्ट कोरा.
मी लगेच निष्कर्ष काढला: पोरीत दोषच नाही. केमिगिसाचं अभिनंदन केलं.  ती उठली आणि बिरुंगीला माझ्या हातात दिलं. मान मागे लटकली. मी तळवा खाली धरला. बराच वेळ धरूनच उभा होतो, परत कसं द्यायचं ते कळेना.
सिस्टर म्हणाल्या, दोष रसायनांत आहे, नासली ती. नवी यायला सहा महिने. विद्यापीठाला कळवलं की तांत्रिक अडचण आली. हवामानाची.

५ जून
बाइंगाना ट्रक घेऊन आला. बर्फाच्या पेट्यांत रसायनंही आणली होती, दिखाऊपणा. उद्घाटन कधी ठेवताय विचारलं, तर म्हणाला, तुमच्याकडे झालंय ना, मग पुन्हा कशाला, सोमवारी सुरू करतो.
यंत्र चढवेपर्यंत केमिगिसा बोचकं आणि पोर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसलेली. मी म्हटलं, लांब आहे, तिथली केळी बेचव असतात, राहायचं कुठे. ती म्हणाली, यंत्र जिथे जाईल तिथे. सिस्टरनी तिला दुधाची बाटली भरून दिली आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.
बाइंगानाला बाजूला घेऊन विचारलं, पहिल्या रिपोर्टवर सहकारी म्हणून माझं नाव येईल का. तो म्हणाला, आधी पोरीच्या आजाराचं नाव येऊ दे.
बरोबर आहे म्हणालो. ट्रक वळेपर्यंत उभा होतो.
ते नाव सापडलं की मलाही कळवा, एवढं सांगायचं राहूनच गेलं.