दोन भ्रूण प्रयोगशाळेला, एक पतीला

मी, खाली सही करणारी, वय चौतीस, भ्रूण-प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, माझ्या पश्चात काय व्हावं ते या कागदावर ठरवून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हात शाबूत नाहीत. मजकूर एका बोटाने टंकित केला आहे, म्हणून कुठे तुटक वाटला तर तो राग समजू नये. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला, त्यांचा उल्लेख कलम तीनमध्ये आहे.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेत जे उरेल ते माझ्या पतीला. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तोही त्यांनाच.

२. माझा बारीक चिमट्यांचा संच माझ्या सहकाऱ्याला आधीच हातात दिला आहे, तो या इच्छापत्रात धरू नये. आमच्याकडे कुठलाही नमुना हलवताना एकाने चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने स्वतः पाहून "बरोबर" म्हणायचं, असा नियम आहे. माझा दुसरा तो. घरी मला इतक्या वेळा बरोबर कुणीच म्हटलेलं नाही.

३. थोरल्या दिरांना घरातला वजनकाटा. बोलण्याआधी तोलता यावं म्हणून. भर जेवणात ते म्हणाले होते, "यांचा पाळणा घरात नाही, फ्रीजमध्ये हलतोय. आटपा लवकर, नाहीतर फेकून द्या." भ्रूण गोठवून ठेवतात त्या टाकीचं तापमान उणे एकशे शहाण्णव अंश असतं. तिथे काही हलत नाही.

४. त्या टाकीत माझे आणि पतीचे तीन भ्रूण आहेत. यांना मालमत्ता म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वकीलबाईंनाही दुसरा शब्द सापडला नाही, म्हणून हे कलम वेगळं.

माझा मज्जातंतूंचा आजार वडिलांकडून आला. तपासणीत दोन भ्रूणांत तोच दोष निघाला, तिसऱ्यात नाही. दोष असलेले दोन्ही भ्रूण मी या आजारावर काम करणाऱ्या संशोधन प्रयोगशाळेला देते. त्यांच्या आतल्या पेशी काढून वाढवतील, त्यांपासून मज्जातंतू तयार करतील आणि त्यांवर औषधं तपासतील. पेशी काढल्यावर भ्रूण उरत नाही. हे वाक्य मी मुद्दाम सौम्य केलेलं नाही.

पतीने विचारलं होतं, "तुझ्या कातडीच्या पेशींवर भागत नाही का?" त्याही दिल्या आहेत. पण त्यांपासून घडवलेल्या पेशी भ्रूणातल्या पेशींसारख्याच वागतात का, हे ताडून पाहायला भ्रूणातल्याच पेशी लागतात. त्यांनी आपली संमती वेगळी दिली आणि दुकानात गेले. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची डावी काच त्यांनी उजवीकडे बसवली.

आई मात्र ऐकून घेईना. ती कपडे शिवते, मशीन थांबवून म्हणाली, "ठमे, तुझ्या बाबांतही हाच दोष होता ना? मग तेसुद्धा तुझ्या त्या बशीतून टाकून दिले असतेस?"

"टाकते कुठे, आई? देतेय."

"कुणाला विचारून?"

मी म्हटलं, एवढ्याशा पेशींना ना दुखतं, ना कळतं. ती म्हणाली, "शेवटी शेवटी बाबांनाही काही कळत नव्हतं. मी भरवायचे थांबले नाही." मग बराच वेळ मशीन चालू राहिलं.

मोजमाप माझ्या बाजूने आहे. पण दोषच पाहिला तर मीही त्या दोघांतलीच, आणि मला वाढवायचं की नाही हे कुणी तपासून ठरवलं नव्हतं. तरीही देते, कारण या आजाराने उद्या कुणाच्या तरी हातातून पहिला चमचा गळेल, तेव्हा डॉक्टरांकडे सांगण्यासारखं काही तरी असावं.

तिसरा भ्रूण पतीच्या स्वाधीन. त्यांना मूल हवं आहे. मलाही हवं होतं; हे मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही, इथे सांगते. त्यांनी वाट्टेल तो निर्णय घ्यावा. माझी आठवण म्हणून मात्र कुणालाही जन्माला घालू नये.

५. आईला काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला लाभ घेता येत नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मला तुझं काही नको. मला साक्षीदार कर. त्या दोघांच्या वेळी घरचं कुणीतरी हवं." साक्षीदाराने मजकूर मान्य करण्याची गरज नसते, सही आपल्यासमोर झाली एवढंच सांगायचं असतं.

वरील सर्व मी वाचलं. बदल नाही.

स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: १४ मार्च २०२४

(सही) इच्छापत्र करणारी

साक्षीदार पहिला: (सही) सहकारी. नाव वाचलं. बरोबर.

साक्षीदार दुसरी: (सही) आई. लिहिलंय ते मला मान्य नाही. सही तिने माझ्यासमोर केली. पेन तीनदा पडलं, मी उचलून दिलं. हात धरू दिला नाही तिने.